आधी दोष, मग किल्ली

दस्तगीरभाई, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले, आणि पहिली तक्रार तुमच्याकडेच करते. तुमच्या मातीच्या दिवशी लोक हसत होते.

दुःख नव्हतं असं नाही. सकाळी दहाच्या आत तुमची गल्ली माणसांनी भरली. पण दारातल्या कडुनिंबाखाली जी माणसं उभी होती त्यांतली निम्मी आपली गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाइकं एकत्र आली की काय बोलणार? कळंब्याच्या तुरुंगातले ते निवृत्त हवालदार सुरू झाले. "मला मोटरसायकल दावताना म्हनले, पावणं, हिला चार दोष हायत, ध्यान देऊन ऐका. उभ्या नोकरीत एवढा कबुलीजबाब मी एका कैद्याच्या तोंडनं ऐकला न्हाय."

त्यावर भाजीवाल्या मालूताई म्हणाल्या, "चारच? माझ्या गाडीचं सात सांगितल्यालं."

मग चढाओढच लागली. कुणाचा हॉर्न पावसात आपोआप वाजायचा, कुणाच्या गाडीचा मीटर शिवाजी महाराजांच्या काळापासून बंद होता, कुणाची गाडी फक्त डाव्या पायाच्या माणसाला चालू व्हायची. हे सगळं तुम्ही विकण्याआधी सांगितलेलं, आणि तरी सगळ्यांनी गाड्या घेतलेल्या. तुमचा मुलगा इरफान डोळे पुसत आतून बाहेर आला, दोन मिनिटं ऐकत उभा राहिला, आणि त्यालाही हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावून उभी होते. लोकांना वाटलं, बाई रडतेय.

खरं तर दोन्ही चाललं होतं.

राजारामपुरीतलं ते जुन्या दुचाकींचं दुकान तुम्ही आणि आमच्या ह्यांनी मिळून काढलं, तेव्हा माझा त्याच्याशी संबंध डब्यापुरता. ह्यांना जाऊन दीड महिना झाला आणि एका रविवारी तुम्ही खैरूभाभींना घेऊन घरी आलात. मला वाटलं, हिश्श्याचं बोलायला आलात. माझ्या भावानं आधीच शिकवून ठेवलं होतं, की भागीदारी मोडू नको, भाई भला माणूस आहे, महिन्याला घरी काहीतरी पोचवेल. तुम्ही चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणालात, "वैनी, सोमवारपासनं दुकानात या."

मी म्हटलं, "मला साधी सायकल येत नाही."

"मग तिथनंच सुरू करू की."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. चौगुल्यांची सून आता ग्रीसमध्ये हात घालणार का, असं काहीतरी. माझ्याही डोक्यात सणक गेली. माणूस जाऊन पुरते दोन महिने नाहीत आणि हा गृहस्थ मला कामावर बोलावतो. तुम्ही शांतपणे एक गोष्ट सांगितलीत. पैगंबरांकडे एकदा एक माणूस मदत मागायला आला. त्यांनी विचारलं, घरात काय आहे? तो म्हणाला, एक जाडंभरडं पांघरूण आणि एक पाणी प्यायचं भांडं. ते त्यांनी आणायला लावलं, लोकांत विकलं, आलेल्यातून घरी धान्य न्यायला सांगितलं आणि उरलेल्यातून कुऱ्हाडीचं पातं आणवलं. त्या पात्याला दांडा त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला आणि म्हणाले, जा, लाकडं तोड, पंधरा दिवस मला तोंड दाखवू नकोस.

मी चिडून म्हटलं, "म्हणजे मी तुमच्याकडं मागायला आले, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"न्हाय वो," तुम्ही म्हणालात. "तुमच्यावर मागायची पाळी येऊ ने म्हनून मीच आलोय."

सोमवारी मी आले. भाई, हे मी कधी बोलले नव्हते, आज सांगते: पहिले सहा महिने मी रोज मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या. घरबसल्या मिळालं असतं ते ह्या माणसानं मला ऑइलच्या डबड्यात हात घालून मिळवायला लावलं, असं वाटायचं. सातव्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला मी एकटीनं गाडी दाखवली, कागद केले, किल्ली दिली, आणि घरी जाताना मुलीसाठी माझ्या पैशाचे पेढे घेतले. शिव्या त्या दिवशी बंद झाल्या. आभार मानायचे मात्र राहून गेले. चौदा वर्षं राहून गेले.

गाडी चालवायला तुम्ही मला कळंब्याच्या तलावाच्या रस्त्यावर शिकवलंत. खैरूभाभी कडेला चटई टाकून शेंगा सोलत बसायच्या आणि मी पडले की एक शेंग जास्त खायच्या. तिसऱ्या दिवशी मी स्कूटरसकट चरीत गेले. तुम्ही धावत आलात, मी धड आहे हे पाहिलंत आणि मग स्कूटरभोवती फिरून म्हणालात, "हिचा एक दोष वाडला. आता गिऱ्हाइकाला सांगाय लागंल, मालकीण हिच्यावरनं पडली हाय."

"त्यात गाडीचा काय दोष? माणूस पडलं."

"गाडी पडली न्हवं? मग सांगायचं."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. माझं म्हणणं सरळ होतं: गिऱ्हाइकानं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढं पुष्कळ झालं. तुमचं म्हणणं, विचारायची वाट बघायची नाही. "ज्याला म्हायतीच न्हाय, त्यो इचारनार काय?" तुमच्या मते सौदा करणाऱ्या दोघांनी खरं बोलून वस्तूतलं वैगुण्य उघडं केलं, तर त्या सौद्यात बरकत येते, लपवलं तर येणारी बरकतही पुसली जाते. मी म्हणायची, बरकत यायला आधी गिऱ्हाईक दुकानात थांबायला पाहिजे. तुमची यादी ऐकून किती माणसं दारातून परत गेली त्याचा हिशेब देवानं ठेवला असेल तर असेल, मी ठेवला नाही.

आणि शुक्रवार. गल्लीतली बाकीची मंडळी दुपारच्या नमाजाहून गप्पा मारत, पान खात, सावकाश परतायची. तुम्ही सगळ्यांच्या आधी, टोपीही न काढता, पाना हातात घेतलेले. मी एकदा म्हटलं, "भाई, एक दिवस तरी जरा निवांत बसा." तर म्हणे, "कुरानात लिवलंय वैनी. नमाज झाली की पांगा, आनि देवानं जे ठेवलंय ते हुडकाय लागा. पानपट्टीवर जावा असं कुठं लिवलंय?"

सदाशिव मिस्त्री तर तुमच्या ह्या शिकवणुकीवर टपूनच असायचा. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, हे तुमच्याच तोंडून त्यानं ऐकलेलं. एकदा मे महिन्यात काम संपवून तो पंख्याखाली जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "भाई, लवकर, वाळाय लागलाय!"

रमजानात तर आपली गंमतच. मी जैनाची, सूर्य मावळायच्या आत मला जेवण उरकायचं. तुमचा रोजा, सूर्य मावळल्यावर सुटायचा. एकच डबा, एकच बाकडं. मी घाईनं शेवटचा घास संपवायची, तुम्ही खजूर हातात धरून माझ्याकडं बघत. "उरका वैनी, तुमचं दुकान बंद व्हायला आलं, आता आमचं उघडनार." चौदा रमजानांत एकदाही आपण एका वेळी जेवलो नाही, आणि तरी एकत्र जेवल्यासारखंच वाटायचं.

आता त्या निळ्या स्कूटरचं बोलते. ते आपण दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही. पण आज लिहायचं तर ते टाळून कसं चालेल?

महापुरात नदीकाठच्या पेठांत किती दुचाक्या आठ-आठ दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर त्या मातीमोल भावात यायला लागल्या. धुवून, पॉलिश करून बाजारात नव्यासारख्या उभ्या राहत होत्या. मी म्हटलं, आपणही घेऊ. तुम्ही म्हणालात, घेऊ, पण पुरातली आहे हे आधी सांगून विकू. मी म्हटलं, तसं सांगितल्यावर कोण घेणार? तुम्ही म्हणालात, मग नको घ्यायला. आठवडाभर आपण एकमेकांशी फक्त स्पेअर पार्टबद्दल बोलत होतो.

त्यातच ती निळी स्कूटर दुसऱ्या गाडीच्या बदल्यात आली. मालक म्हणाला, पुरात गाडी जिन्यावर चढवली होती. तुम्ही सीट उचललंत, खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलंत आणि बारीक पिठासारखा गाळ मला दाखवलात. "ही पान्यात हुती. सांगून विकायची, न्हायतर पार्ट काढायचं." एवढं बोलून तुम्ही निपाणीला पुतणीच्या लग्नाला गेलात.

दुसऱ्या दिवशी अश्विनी आली. बिद्रीजवळच्या एका खेड्यातली नर्स, हसरी, बोलकी. तिला तीच स्कूटर आवडली, निळी म्हणून. गाडी पहिल्या किकला चालू झाली. मी मिस्त्रीकडून गाळ आधीच धुवून घेतला होता. तिनं विचारलं, "काकू, गाडी बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "चालवून बघ की." खोटं एक अक्षर बोलले नाही, भाई. माझ्या नियमात मी बसत होते. ती हसत गाडी घेऊन गेली आणि मला दिवसभर चहा कडू लागला.

तुम्ही परत आलात. "निळी कुठाय?"

"गेली."

"पुराचं सांगितलंसा?"

मी वहीत बघत राहिले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. शटर अर्धं ओढलंत आणि म्हणालात, "चला."

"कुठं?"

"बिद्रीला."

एसटीत तुम्ही खिडकीतून ऊस बघत बसलात. मला वाटत होतं की तुम्ही बोलाल, माफी मागाल, मी मागं उभी राहीन. पण घर सापडलं आणि तुम्ही चौकटीपाशी थांबलात. "विकलीय तुम्ही. सांगा बी तुम्हीच."

अश्विनी पाणी घेऊन बाहेर आली. तिचे सासरे, साखर कारखान्यातले कामगार, सोप्यात बसले होते. मी सांगितलं. गाडी पुराच्या पाण्यात होती, मला माहीत होतं, मी बोलले नाही. एवढी तीनच वाक्यं.

सासरे उठलेच. "आनि हे सांगाय यष्टीनं आलायसा? लाज न्हाय वाटली इकताना?" शेजारपाजार गोळा झाला. तुम्ही मान खाली घालून माझ्याबरोबर सगळं ऐकून घेतलंत, जणू काही विकताना तुम्हीच होता. पण मला लागलं ते अश्विनीचं. ती ओरडली नाही. म्हणाली, "काकू, मला अवघडलेल्या बायकांकडं वस्तीवर जावं लागतं. वाटंत बंद पडली असती तर?"

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

सासऱ्यांचा राग जसा आला तसा उतरला. शेवटी त्यांनीच चहा टाकायला सांगितला आणि तुम्हाला विचारलं, "भाई, तुमी दुकान चालवताय का कीर्तन करताय?" तुम्ही म्हणालात, "दुकानच चालवतोय. म्हनूनच आलोय."

त्यांचे सगळे पैसे त्यांना देऊन आपण स्कूटर घेऊन निघालो. तुम्ही पुढं, मी मागं. पाच-सहा मैल गेलो असू, आणि चढावर ती निळी खोकली, फुसफुसली आणि गप्प झाली. भर दुपार, दोन्ही बाजूंना ऊस. तुम्ही उतरलात, गाडीकडं बघितलंत आणि असे हसायला लागलात की डोळ्यांत पाणी आलं. "बगा वैनी! साक्षीदार फुटला!"

मी रडत होते आणि हसतही होते. मग साठीतले तुम्ही आणि पन्नाशीची मी, आपण ती गाडी ढकलत चढ चढलो. ढकलता ढकलता, धापा टाकत, तुम्ही सांगितलंत: पैगंबर एकदा बाजारातून चालले होते. धान्याची रास दिसली. त्यांनी राशीत हात घातला तर आत ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पाऊस पडला होता. ते म्हणाले, मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं? फसवणारा आमच्यातला नव्हे.

"मी तुमच्यातली नाहीच की," मी म्हटलं. रागानं नव्हे, थकून.

तुम्ही थांबलात. "वैनी, तुमी कुनातल्या हाय त्ये तुमचं तुमाला म्हायती. पन आपली कमाई एका गल्ल्यात पडती. माझी नात माझ्या ताटात जेवती. तिच्या घासात पुराचं पानी नगं, एवढंच."

त्यानंतर मी एकही गाडी दोष लपवून विकली नाही. अश्विनीला महिन्याभरानं दुसरी स्कूटर मिळाली. ती तुम्ही स्वतः चालवत नेऊन दिलीत, आणि परत येऊन मला म्हणालात, सासऱ्यांनी गूळ दिलाय, पण तुम्हाला नाही, मला. आणि अर्धी ढेप माझ्या पिशवीत घातलीत.

गेल्या वर्षी तुमच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि नवं भांडण सुरू झालं. डॉक्टर म्हणाले आराम. तुम्ही आठव्या दिवशी दुकानात. मी चिडले की तुमची एक ठरलेली गोष्ट असायची: कयामत समोर उभी ठाकली आणि तुमच्या हातात रोप असलं, तर तेही लावून टाकावं.

"ते रोपाबद्दल आहे, भाई. क्लच प्लेटबद्दल नाही."

"दोनी हातानंच लावायचं असतंय की."

तुमच्या शेवटच्या दुपारी तुम्ही एका जुन्या मोटरसायकलला किक मारत होता. दहा, बारा, पंधरा. चेहरा पांढरा पडलेला. दुकानात तीन गिऱ्हाइकं. माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "भाई, घरी जावा! माझ्या दुकानात आज तुमचं काही काम नाही!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फडक्याला हात पुसलेत, चप्पल घातलीत आणि निघून गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाली, तुम्ही चहाची वाट बघत भिंतीला टेकलात, आणि तसेच गेलात. इरफानचा फोन आला तेव्हा माझ्या कानात माझंच वाक्य वाजत होतं. माझ्या दुकानात. ज्यानं ते उभं केलं त्याला मी हे म्हणाले. लोक कडुनिंबाखाली तुमच्या यादीवर हसत होते तेव्हाही ते वाक्य माझ्या कानातून गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी खैरूभाभींच्या आतल्या खोलीत गेले. त्या पांढऱ्या ओढणीत, भिंतीशी बसलेल्या. मी त्यांचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या हात काढून घेतील.

भाभींनी उलट माझेच हात घट्ट धरले. मग म्हणाल्या, "येडी हायस का सुनंदा? त्ये हसतच घरात आल्ते. म्हनले, खैरू, आज वैनीनी मला हाकललं. लोकांसमोर हाकललं! चौदा वर्सं ही बाई 'भाईंचं दुकान, भाईंचं दुकान' करती, आज 'माझं दुकान' म्हनली. चहा कर, आनि साखर घाल. मी म्हटलं, डाक्टर? तर म्हनले, आजच्या दिवशी घाल."

"घातली?"

"दोन चमचं घातली." आणि भाभी हसल्या, त्या दिवसांत पहिल्यांदा.

मी तिथंच बसून पोटभर रडून घेतलं. भाभींनी रडू दिलं. मग माझा पदर त्यांनीच नीट केला. "माझं येगळं हाय, मी नवऱ्यासाठी चार महिनं दहा दिवस घरात बसनार. बाकीच्यांना दुखवटा तीन दिवसांचा. त्यो आज झाला. उद्या सक्काळी दुकान उघड."

भाई, चौथ्या दिवशी साडेनऊला मी शटर वर केलं. मिस्त्री दारात उभा होता, डोळे सुजलेले. इरफानला त्याची नोकरी सोडवत नाही, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. जरा घुटमळून त्यानं विचारलं, "वैनी, आता कुनी इचारलं तर दुकान कुनाचं म्हनून सांगायचं?"

"माझं," मी म्हटलं. समोरच्या गल्लीतही ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं.